अर्धी काच, पुरी काच आन् जाळी

गेल्या महिन्यात डोळ्याच्या दवाखान्यात व्हरांड्यात एक बाई भेटली. शिराळ्याकडची. ऊस तोडताना नवऱ्याच्या डोळ्यात पात्याचं टोक घुसल्यालं. ती मला सारखी इचारत हुती, "आक्का, पुढं काय हुतं वं?" मला सांगायला यीना. मला दमा हाय, घाबरले की पयला दम जातो आन् मग शब्द. तेवढ्यात तिचा नंबर आला, ती आत गेली. पुन्यांदा दिसली न्हाई. तवापासनं मनात ऱ्हायलंय की सांगायला पायजे हुतं. म्हनून ह्ये लिवतीया. मी सातवीपातुर शिकले, आजवर नुस्ती पत्रं लिवली. तशीच लिवते.

दुसऱ्याचं अक्षर

आमचं मालक मिल्ट्रीत. आमचं गाव कडेगावापासनं जवळ, घरात मी, माजी सासू आन् दोन वर्साची पिंकी. सासूला मी आत्या म्हनते. सासरं वारल्यात.

मालकांची बदली लडाखला झाली तवा त्यांनी लिवल्यालं, हितं थंडीत तळं गोठतं आन् आमी त्येच्यावर हाकी खेळतो. बुटाला खाली सुरीसारखी पाती असत्यात. चेंडू न्हाई, रबराची काळी चकती, जाड पुरीएवढी, पन गार पडली की दगडासारखी लागती. मी आत्यास्नी वाचून दाखवलं तर त्या म्हनल्या, "बर्फावर खेळतुया? ह्यो लढाईला गेलाय का जत्रंला?"

पुढच्या महिन्यात पत्र आलं त्ये दुसऱ्याच्या अक्षरात. पोस्टमन दारात उभा, मी वरचा पत्ता बगितला आन् त्येच्यादेखतच पाकीट फाडलं. आत लिवल्यालं, वहिनी, शिवाजीला खेळताना जरा लागलंय, चंदीगडला हलवलंय, काळजी करू नका. जरा लागलं असतं तर त्यांनी सोता लिवलं नसतं का? डोक्याला हेल्मेटसारखी टनक टोपी हुती, तोंडाला काय न्हवतं. चकती डाव्या गालावर आन् डोळ्यावर बसल्याली. ह्ये मला लय दिसांनी कळलं.

त्या दिवशी आत्या रानात हुत्या. पिंकी वट्यावर खेळत हुती. घरात सांगायला कोन न्हाई, म्हनून मी म्हशीपाशी जाऊन उभी ऱ्हायले. म्हस रवंथ करत हुती. मला वाटलं हिला काय, हिचं काय गेलं.

घरात पडदाच न्हवता

उनाळ्यात त्ये सुट्टीवर आलं. चंदीगडला ऑपरेशन झाल्यालं. गालाच्या हाडावर एक टेंगूळ, डोळा लाल, पापनी अर्धी. पिंकी त्यांच्याकडं जाईना. हाक मारली की माज्या लुगड्यात तोंड घालायची. ह्ये हसायचं, "ऱ्हाऊ दे गं, मीबी आरशात बगून घाबरलो हुतो."

मला वाटलं, आलं ना माघारी, आता हळूहळू हुईल बरं. आन् एका सकाळी च्या पिता पिता त्ये म्हनलं,

"सुमे, पडदा कुनी लावला?"

आमच्या घरात पडदाच न्हाई. दाराला न्हाई, खिडकीला न्हाई.

"कुटला पडदा?"

"हितं. डाव्या अंगाला. काळा. वरनं खाली येतुया."

मी कप खाली ठिवला त्यो सांडला. पिंकीला आत्यांच्या कडंवर दिलं आन् आमी मिळंल त्या यष्टीनं सांगलीला गेलो. सगळी वाट त्ये एक डोळा झाकायचं, उघडायचं, दुसरा झाकायचं. मी म्हनलं नगा करू तसं. त्ये म्हनलं, "बगतुया किती उरलंय."

तितलं डाक्टर मोठ्या वयाचं, कमी बोलनारं. लय येळ बत्ती धरून बगितलं. मग माज्याकडं वळून म्हनलं, "आतला पडदा परत सुटलाय. ऑपरेशन करू. पण नजर येईल असं मी सांगत नाही."

मी इचारलं, "म्हंजी डोळा ऱ्हाईल का दिसंल?"

"डोळा राहील."

मला वाटलं पुढं अजून काय तरी म्हनत्याल. त्यांनी कागुद लिवायला घेतला. लिवता लिवता म्हनलं, "उजवा जपा. आता तो एकटाच आहे."

त्ये बोलनं माज्या कानात अजून हाय. डोळ्याला एकटा म्हनत्यात ह्ये मला म्हाईत न्हवतं.

खाटंखालनं

आता ह्ये कुनी सांगत न्हाई म्हनून मी सांगते. ह्या ऑपरेशननंतर मानसाला पालथं पडून ऱ्हावं लागतं. डोळ्यात हवा भरल्याली असती, ती पडद्याला दाबून धरती, म्हनून तोंड खाली. जेवताना खाली, झोपताना खाली. तासभर न्हाई, दिसच्या दिस. तुमच्यावर ती पाळी आली तर कपाळाखाली घ्यायला घरनं दोन जुन्या लुगड्याच्या घड्या न्या, दवाखान्याची उशी टोचती.

पालथ्या मानसाशी बोलायचं कसं? मी शेजारी बसले की मला त्यांची पाठ दिसायची. पाठीला काय बोलनार. दुसऱ्या दिवशी मी खाटंखाली शिरले. खाटंची डोक्याकडची पट्टी ढिली हुती, तितं फट हुती, तिच्यातनं त्यांचं तोंड दिसायचं. मी फरशीवर उतानी पडायची आन् त्ये वरनं बगायचं.

"काय दिसतंय?" मी इचारायची.

"तुजं नाक. लय मोठं हाय गं. लग्नात दिसलं न्हाई."

"लग्नात तुमचं दोन डोळं हुतं तरी दिसलं न्हाई, आता एकानं दिसतंय व्हय?"

त्ये हसायचं आन् मग म्हनायचं, हसवू नगं, डोकं हलतंय.

फरशी पुसनारी मावशी रोज वरडायची, "आगं ए, उठ की! हितं काय नांगर धरायला पडलीयास का?" मी उठायची, ती पुसायची, फरशी वाळस्तोवर मी व्हरांड्यात उभी. मग परत खाली. तिसऱ्या दिवसापासनं ती आदी माजी जागा पुसायला लागली, "हं, पड बाई," म्हनायची. तेवढं एकच मानूस तितं माज्याशी बोलायचं. आत्या म्हशी सोडून यू शकत न्हवत्या. पाव्हनं यायचं, केळी ठिवायचं, त्यांच्या पाठीकडं बगून चुकचुक करायचं आन् जायचं. मला कुनी इचारलं न्हाई तू जेवलीस का. मी रागानं लिवत न्हाई. आजारी मानसाच्या शेजारी बसल्यालं मानूस दिसतच न्हाई कुनाला, एवढंच.

पट्टी निगाली. डाव्या डोळ्याला उजेड कळतुया, बाकी काय न्हाई. त्यांनी माज्यासमोर डोळ्यातनं पानी काडलं न्हाई. घरी आल्यावर च्या वतताना कप सोडून जमिनीवर वतला, तवा मात्र किटली आपटली. दुसऱ्या दिवशी घरात कोन नसताना मी डावा डोळा झाकून च्या वतून बगितला. माजाबी भाईर सांडला. मग मला कळलं की दोन डोळं अंतर मापायला असत्यात.

बेंदूर

मला वाटलं आता त्ये घरी ऱ्हात्याल. खरं सांगते, त्या दुखन्यात मला तेवढाच एक गोडवा वाटत हुता. पन पुन्याला मिल्ट्रीच्या डाक्टरांनी तपासलं आन् हलकं काम दिलं. तिकडं त्यांच्या खेळाच्या उस्तादनं निरोप धाडला की शिवाजी सामना खेळनार न्हाई, पन नव्या पोरास्नी बर्फावर शिकवाया त्यो पायजे. तोंड झाकल्याशिवाय बर्फावर पाय ठिवायचा न्हाई. आन् झाकायचं कशानं, त्ये डोळ्याच्या डाक्टरकडनं लिवून आना.

ह्ये बोलावनं आलं तवा त्यांच्या तोंडावर जे आलं त्ये मी पाच म्हयन्यात बगितलं न्हवतं.

त्यांचा एक साथीदार सुट्टीवर येत हुता, त्येनं साताऱ्याच्या स्टँडवर एक पोतं हातात दिलं. पोत्यात तीन नमुनं हुतं, तिन्ही टोपीला लावायचं. एक अर्धी काच. काच म्हंजी पलाष्टिकच, पन जाड, डोळ्यापुरती, नाकाखाली सगळं उघडं. दुसरी पुरी काच, कपाळापासनं हनवटीपातुर. आन् तिसरी तारंची जाळी, आख्ख्या तोंडाला.

आमच्याकडं आषाढात बेंदूर असतो, बैलांचा सन. त्या दिवशी बैल औताला धरत न्हाईत, शिंगं रंगवत्यात, पुरनाची पोळी चारत्यात. आन् कामाच्या टायमाला पिकात तोंड घालू नये म्हनून बैलाच्या तोंडाला जी सुतळीची जाळी बांदत्यात, मुस्की, ती त्या दिवशी खुट्टीवर टांगून ठिवत्यात. नेमकं बेंदराच्या सकाळी मालकांनी अंगनात पोतं उघडलं. अर्धी काच घातली, म्हनलं ही बेस. मग जाळी घातली आन् वळलं तर समोर आत्या, हातात बैलाच्या पोळीचं ताट.

"काढ!"

"आगं आये, खेळायची हाय ती."

"काढ म्हनते न्हवं! आज मुक्या जनावराची मुस्की काढत्यात, आन् तू मानूस आसून घालतुयास?"

"तोंड वाचतं ह्येनं."

"बैलाचंबी कुनी इचारलंय का, वाचतं का म्हनून?"

आत्यांनी ती वढली आन् शेनीच्या ढिगावर भिरकावली. कुंपनापलीकडनं शेजारचं अन्नाभावजी बगत हुतं. त्ये म्हनलं, "काय शिवा गड्या, पेरनीला जुपून घेतुयास का?" सगळी हसली. मीबी हसले, आन् लगीच वाईट वाटलं. ह्ये हसलं न्हाईत. त्यांनी जाळी झटकली आन् पोत्याच्या तळाला घातली. त्या दिवसापास्नं लय दिस ती कुनी भाईर काडली न्हाई. घरात मुस्की म्हनूनच तिचं नाव पडलं.

लाटनं

आता आमच्या घरात तीन मानसं आन् तिघांची तीन मतं. त्यांस्नी अर्धी काच पायजे. तिकडं चांगलं खेळनारं सगळं अर्धीच घालत्यात, पुरं तोंड झाकनाऱ्याला हसत्यात म्हनं. आत्यांचं मत, कायबी घाल, मुस्की न्हाई. आन् मला पुरी काच आवडली. चहूबाजूनं बंद, कुटनं काय आत जायाला जागा न्हाई, आन् तोंड दिसतंय. मानूस दिसतंय.

अर्धी काच मी एका दुपारी निकालात काडली. त्यांस्नी म्हनलं बसा पाटावर, घाला टोपी. लाटनं घेतलं आन् खालनं वर हळूच नेलं, काठी उचलल्यासारखं. गालावरनं सरकून लाटन्याचं टोक काचंच्या आत, उजव्या डोळ्याच्या खाली येऊन टेकलं.

"आरं तिच्या," त्ये म्हनलं.

"ह्ये लाटनं हाय. तितं काठी हाय, चकती हाय, आन् हळू कोन मारतंय?"

त्यांनी लाटनं हातानं बाजूला केलं. मग म्हनलं, "सुमे, तू मिल्ट्रीत पायजे हुतीस." पन अर्धी काच त्यांनी पोत्यात टाकली.

पुढच्या तपासनीला आमी डाक्टरास्नी ह्ये सांगितलं. त्ये पयल्यांदा हसलं. म्हनलं, "राहिलेल्या दोन्ही डोळा वाचवतील. ज्यातून नीट दिसेल ती घ्या. एका डोळ्याच्या माणसाला न दिसणं हाच मोठा मार आहे. थंडीत घालून बघा आणि मला सांगा. मी तसं लिहून देईन."

थंडीत! सांगलीत आन् कडेगावात थंडी कुटनं आनायची? ह्ये म्हनलं, कशाला थंडी, तुला काच आवडली ना, काचच घेऊ. तू सांगशील ती.

तू सांगशील ती. ह्ये असं बोलनं बायकांस्नी बरं वाटतं. मला त्येनं झोप येईना झाली.

बेदान्याच्या खोलीत

माजा दादा तासगावच्या वाटंवर बेदान्याच्या कोल्ड स्टोरेजला कामाला हाय. मालक कागदांसाठी पुन्याला गेल्यालं तवा मी पिंकीला घिऊन दादाकडं गेले. पिशवीत पुरी काच घेतली, टोपीसकट.

दादा म्हनला, "खुळी का काय तू? बाईमानूस टोपडं घालून बेदान्यात उभी ऱ्हानार?"

"दोनच मिन्टं."

"आन् स्टोरेजच्या मालकानं बगितलं तर काय सांगू, भनीला सर्दी पायजे हुती?"

पन त्येनं दार उघडलं. हातभर जाड दार. आत खोकी छतापातुर रचल्याली, मधनं बारीक बोळ, एक पिवळा दिवा. वास गोड, इतका गोड की मळमळतंय. दादानं सोताचा सोटर दिला आन् तो भाईर पिंकीला घिऊन थांबला.

मी टोपी घातली, काच खाली केली, बंद लावला. पयल्यांदा लय बेस दिसलं. खोक्यावरचा आकडासुदीक. मी बोळातनं चालत पार मागल्या भितीपातुर गेले. आन् मग माजा श्वास काचंवर बसायला लागला. आदी खाली, तोंडापाशी, दुधावर साय येती तसा. मग नाकापाशी. मग डोळ्यापुढं. दिवा नुस्ता पिवळा डाग झाला आन् मग सगळंच पांढरं.

मी हात पुढं केलं तर खोकी. मागं केलं तर भित. घाबरले, घाबरल्यावर दम लागला, दम लागल्यावर काच जास्तीच भरली. बंद कुटाय त्ये बोटास्नी गावंना. मी दादाला हाक मारली, ती माज्याच तोंडावर आपटून माघारी आली. अशी मी कधी एकटी झाले न्हवते. दवाखान्यात न्हाई, त्या पत्राच्या दिवशी न्हाई. तितं निदान म्हस तरी दिसत हुती.

दादानं मला वढून भाईर काडलं. "मरायला आलीयास का हितं!" म्हनला, आन् मग माजी पाठ चोळत बसला.

मी दुसऱ्या दिवशी काचंला आतनं साबन चोळून परत गेले. जरा येळ चांगली ऱ्हायली, मग परत तीच गत. मग मी आत गेले न्हाई.

आता जे लिवते त्ये मी आजपातुर दादालाबी सांगितलं न्हाई. घरी माघारी आल्यावर मी मालकांस्नी ह्यातलं एक अक्षर बोलले न्हाई. उलट म्हनलं, काचच चांगली. माज्या मनात असं की त्ये काच घिऊन जात्याल, तिकडं पयल्याच दिवशी त्यांस्नी दिसनार न्हाई, उस्ताद म्हनंल तुजा काय उपेग न्हाई, आन् माघारी धाडंल. मंग कायमचं घरी. पिंकी आता कुटं त्यांच्या मांडीवर बसायला लागली हुती. मी कुनाचं काय वाईट करत न्हवते, नुस्ती गप बसले हुते. असं मी मनाला आठ दिस समजावलं.

आठव्या दिवशी आमी डाक्टरांकडं गेलो. त्यांनी कागुद पुढं वढला. "कोणती ठरली?"

"पुरी काच, साहेब," ह्ये म्हनलं.

"थंडीत घालून बघितली?"

"न्हाई साहेब. हिला पसंत हाय."

डाक्टरांनी पेनाचं टोपन काडलं. मला खाटंखालनं दिसनारं मालकांचं तोंड आठवलं, आन् काचंतल्या त्या पांढऱ्यात हात पुढं करून चाचपडनारं त्ये डोळ्यापुढं आलं. माजा दम गेला. नुस्ता हात वर केला, शाळंत करत्यात तसा.

"काय झालं?"

"लिवू नगा," मी म्हनलं. "त्येच्यात दिसत न्हाई."

दोगंबी माज्याकडं बगत ऱ्हायलं. मी रडत हुते. डाक्टरांनी पेन बंद केलं आन् म्हनलं, "जा, आधी बघून या."

तिथनं आमी तडक दादाकडं. यष्टीत त्ये पुढच्या बाकावर जाऊन बसलं. आत आमी दोगंच गेलो. त्यांनी डाक्टरास्नी दाखवाया आनल्याली काच घातली, पाच-सात मिन्टात ती भरली, आन् त्ये माज्यापासनं दोन हातावर उभं राहून मला शोधत हुतं. मी हाललेच न्हाई. मला बगायचं हुतं. त्यांचा हात माज्या खांद्याच्या शेजारनं गेला.

मग जाळी. मी ती पोत्यातनं पिशवीत गुपचूप घातली हुती, निगतानाच. त्यांनी घातली, श्वास सोडला, तो जाळीतनं धूर होऊन निगून गेला. त्यांनी मान जराशी उजवीकडं केली, एक तार डोळ्याच्या आड यायची ती वर सरकवून घेतली.

"दिसतंय?"

"दिसतंय. तू रडून रडून नाक लाल केलंयस."

मग त्ये म्हनलं, "तुला म्हाईत हुतं."

"व्हय."

"कवापासनं?"

"आठ दिस."

"मी बर्फावर आंधळा झालो असतो, सुमे."

"मला वाटलं त्येच्या आदी तुमाला माघारी धाडत्याल."

"आन् न्हाई धाडलं असतं तर?"

त्यांनी जाळी काडली न्हाई, तशीच घालून दार ठोठावलं. दादा त्यांच्याकडं बगून हसायला गेला आन् माज्याकडं बगून गप झाला.

माघारी

डाक्टरांनी जाळीचा कागुद लिवून दिला. त्ये जाताना मी मिरजंला टेशनवर गेले हुते. बोलायचं लय हुतं. त्यांनी पिंकीचा मुका घेतला, मला म्हनलं औषद येळंवर घे, दम्याचा पंप जवळ ठिव. मी म्हनलं व्हय. एवढंच झालं. गाडी हालल्यावर पिंकी त्यांस्नी हाका मारत ऱ्हायली, मी तिला धरून उभी. बाजूला कुटलं तरी लगीन उतरलं हुतं, वाजंत्री वाजत हुती, आन् मला माजाच हुंदका आयकू येत न्हवता.

शिराळ्याच्या बाईला मी काय सांगितलं असतं? की जे घ्याल त्ये आदी सोता घालून बगा, जिथं वापरायचं तशाच जागी. आन् ठरवताना आपल्या मनातल्या भीतीला इचारू नगा, ती आपल्या सोईचं सांगती. मी इचारलं हुतं.

त्ये गेल्यावर थंडी सुरू झाली. पत्र पंदरा-पंदरा दिस यीना. पोस्टमन आमच्या आळीत आला की मी दारात उभी, तो मान हलवून पुढं जायाचा. आत्या चुलीम्होरं बसायच्या, पन त्यांचं कान भाईर असायचं. बेंदरापास्नं त्यांनी त्या जाळीचं नाव काडलं न्हवतं. न्हेली का न्हाई, ह्येसुदीक इचारलं न्हवतं.

पौषात एका सकाळी पत्र आलं. त्यांच्या अक्षरात. आत्या भाकरी थापत हुत्या. मी उंबऱ्यावर बसून आदी मनात वाचलं. खुशाल हाय, थंडी लय हाय, पोरं चांगली शिकत्यात. आन् मदी एक ओळ. परवा एका नव्या पोराची काठी उसळून तोंडावर आली, जाळीची एक तार आत वाकली, मला काय झालं न्हाई.

माजा दम भरून आला. मी पंप घेतला.

"काय लिवलंय?" आत्या म्हनल्या.

"खुशाल हाईत."

"एवढा कागुद खुशालीचाच हाय व्हय? वाच."

मी ती ओळ वाचली. आत्यांचा हात परातीत थांबला.

"कुटली तार?"

मी परत बगितलं. लिवलं हुतं. "उजव्या अंगाची."

तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती त्यांनी काडली न्हाई. मी उठून काडली. मग त्यांनी पिठाचं हात पदराला पुसलं, जे त्या कवा करत न्हाईत, आन् म्हनल्या,

"वाकल्याली घालून खेळू नगं म्हनावं त्येला. नवी घे म्हनावं. लिव."

"लिवते की जेवल्यावर."

"जेवल्यावर न्हाई," आत्या म्हनल्या. "आत्ता लिव."